उपाशीपोटीची साखर आणि साडेसहाचा चहा

पुणे जिल्ह्यात, शहराच्या हद्दीबाहेर असलेल्या एका निवासी पुनर्वसन केंद्रातलं हे प्रकरण आहे. केंद्राचं नाव देत नाही, आणि माणसांची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. तिथे चाळीसेक रहिवासी आहेत. बहुतेकांना स्किझोफ्रेनिया, काहींना बायपोलर आजार. कुणी दोन वर्षांपासून राहतंय, कुणी दहा. काहींना घरी परत नेणारं आता कुणी उरलेलं नाही. मानसोपचारतज्ज्ञ आठवड्यातून दोनदा येतात, फिजिशियन बोलावलं की. एरवी केंद्र चालतं ते सिस्टर, ब्रदर, मावशी आणि मामा यांच्या जिवावर. दिवसा दोन नर्स असतात, रात्रीला एकच.

एका घटनेनंतर मला तिथे बोलावलं गेलं. मी मनोविकार परिचर्या शिकवते. मागणी साधी होती: "आमच्या नर्सेससाठी मेटाबॉलिक सिंड्रोमवर एक लेक्चर घ्या." मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणजे कमरेचा घेर, साखर, बीपी आणि रक्तातली चरबी यांचा एकत्र बिघाड. लेक्चरने काय होणार होतं आणि काय नाही, हे कळायला आधी ती घटना सांगायला हवी.

काका

या रहिवाशाला आपण काका म्हणू. केंद्रातही सगळे तसंच म्हणतात. वय पन्नाशीच्या आत. या घटनेच्या दीड वर्ष आधी त्यांना ओलान्झापिन हे स्किझोफ्रेनियावरचं औषध सुरू झालं आणि त्याने फार चांगला गुण आला. कानात येणारे आवाज विरले, झोप लागायला लागली, जेवणात विष घातलंय म्हणून ताट ढकलणारा माणूस पंगतीत बसून जेवायला लागला. वजनही वाढलं. महिन्यातून एकदा भेटायला येणाऱ्या बहिणीला भाऊ अंगाने भरलेला दिसला की समाधान वाटायचं.

मग उन्हाळ्यात काका पाणी जास्त प्यायला लागले. रात्रपाळीच्या रिपोर्टबुकात नोंद आहे: "काका ४ वेळा बाथरूमला उठले. पाणी जास्त पितात. लक्ष ठेवणे." पुढच्या काही रात्रींत हीच नोंद थोड्याफार फरकाने पुन्हा पुन्हा दिसते. लक्ष ठेवलंही गेलं, पण वेगळ्याच गोष्टीसाठी. स्किझोफ्रेनिया असलेले काही रुग्ण अतोनात पाणी पितात, त्यांच्या रक्तातलं सोडियम उतरतं आणि फिट येऊ शकते. हे सिस्टरना माहीत होतं, आणि पूर्वी एका रहिवाशाच्या बाबतीत त्यांनी ते डोळ्यांनी पाहिलंही होतं. म्हणून त्यांनी काकांची बाटली काढून घेतली आणि पाणी मोजून द्यायला सुरुवात केली. हा हलगर्जीपणा नव्हता. शिकलेली गोष्ट प्रामाणिकपणे चुकीच्या जागी लावली गेली होती.

दोनेक आठवड्यांनी काका सुस्तावले. उलट्या झाल्या. उन्हाचा त्रास असेल म्हणून एक दिवस गेला. दुसऱ्या दिवशी श्वास जोरजोरात चालू लागला, तेव्हा फिजिशियनना फोन झाला आणि त्यांनी आधी साखर बघायला सांगितलं. ग्लुकोमीटर कपाटात, कपाटाची किल्ली इन्चार्ज सिस्टरकडे. मीटर आलं, बोटाला सुई टोचली, आणि पडद्यावर आकडाच आला नाही. "हाय" अशी अक्षरं आली. बहुतेक मीटरवर त्याचा अर्थ ६०० च्या वर असा असतो. रुग्णालयात डायबेटिक कीटोअॅसिडोसिसचं निदान झालं. म्हणजे इन्सुलिन कमी पडून रक्तात कीटोन नावाची आम्लं जिवावर बेतण्याइतकी साठली होती. आयसीयू, सलाइन, इन्सुलिन. काका वाचले आणि काही दिवसांनी परत आले.

वजनाचं रजिस्टर

शिकवायच्या आधी मी कागद मागवले. दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात सगळ्यांचं वजन होतं, बीपी घेतलं जातं आणि जाड रजिस्टरमध्ये उतरवलं जातं. एकही महिना चुकलेला नव्हता. अक्षर सुंदर, शेवटी सही. तपासणीला आलेल्या कुणाही अधिकाऱ्याने समाधानाने मान डोलवावी असं ते रजिस्टर होतं.

पण ते महिन्यावार होतं. एका पानावर एक महिना, त्याखाली चाळीस नावं आणि प्रत्येकापुढे आकडे. पुढच्या महिन्याला नवं पान. एका माणसाचं वजन कसं चढत गेलं ते बघायचं तर अठरा पानं उलटून, प्रत्येक पानावर त्याचं नाव शोधून आकडे वेगळ्या कागदावर काढावे लागत. दुसऱ्या दिवशी मी सिस्टरना तेच करायला सांगितलं. काकांचे आकडे त्यांनीच मोठ्याने वाचले आणि त्यांनीच फळ्यावर लिहिले. सुरुवात ६१ किलो. चौथ्या महिन्यात ६५. वर्ष भरताना ७१. शेवटची नोंद ७४. कोणत्याही एका महिन्यात दीड किलोपेक्षा जास्त वाढ नव्हती, त्यामुळे कुठल्याच पानावर नजर अडकावी असं काही नव्हतं. फळ्यावर तो चढ दिसला तेव्हा वर्गात कुणी काही बोललं नाही. नंतर रात्रपाळीच्या सिस्टर म्हणाल्या, "हे सगळे आकडे माझ्याच हातचे आहेत, मॅडम."

सुरुवातीच्या वजनात ५ टक्के वाढ झाली की औषधाचा फेरविचार करावा, असं अमेरिकेतल्या मधुमेह आणि मानसोपचार संघटनांनी २००४ सालीच एकत्र बसून सांगितलं आहे. ६१ किलोचे ५ टक्के म्हणजे तीन किलो. काकांनी ती रेघ चौथ्या महिन्याच्या आतच ओलांडली होती. आयसीयूच्या सव्वा वर्ष आधी.

बीपीचे आकडे १२०/८०, १३०/९०, १२०/८० असे गोल गोल होते. गोल आकडे दिसले की समजावं, पारा बघून अंदाजाने लिहिलं गेलंय. जाड दंडाला साधाच पट्टा बांधला तर बीपी खोटं जास्त येतं, हेही तिथे कुणी बघत नव्हतं, कारण मोठा पट्टा केंद्रात नव्हताच. कमरेच्या घेराचा रकाना तर रजिस्टरमध्ये नव्हता. कारण विचारलं तर उत्तर सरळ होतं: टेप नव्हती.

जे त्यांना आधीच येत होतं

या नर्सेसचं या विषयावर एक व्याख्यान पूर्वी होऊन गेलं होतं, स्लाइडसकट. मी पाच निकष विचारले तर त्यांनी घडाघड सांगितले: कमरेचा घेर, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) १५० किंवा जास्त, एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) पुरुषांत ४० पेक्षा आणि स्त्रियांत ५० पेक्षा कमी, बीपी १३०/८५ किंवा वर, उपाशीपोटी साखर १०० किंवा वर. पाचपैकी तीन असले की सिंड्रोम. अगदी बरोबर. मग मी विचारलं, "आपल्या इथे कुणाला आहे?" एक सिस्टर म्हणाल्या, "रिपोर्ट बघावे लागतील." दुसऱ्या म्हणाल्या, "ते डॉक्टर ठरवतात ना?"

माझ्या मते प्रकरणाचं मूळ इथे आहे. या नर्सेसकडे ज्ञान कमी नव्हतं. ते ज्ञान समोरच्या माणसाला लावून बघण्याची सवय त्यांना कुणी लावली नव्हती, आणि लावून बघितल्यावर पुढचं पाऊल उचलायची मुभाही दिली नव्हती. अशा ठिकाणी आणखी एक लेक्चर घेणं म्हणजे त्यांच्या वेळेचा अपमान आहे. हे आपल्याकडेच घडतं असंही नाही. अमेरिकेत स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांवर झालेल्या केटी या मोठ्या अभ्यासात सुरुवातीलाच दिसलं की मधुमेह असलेल्यांपैकी ३० टक्क्यांना त्यावरचं औषध चालू नव्हतं, उच्च रक्तदाब असलेल्यांपैकी ६२ टक्क्यांना नव्हतं, आणि चरबीचं प्रमाण बिघडलेल्यांपैकी तर ८८ टक्क्यांना नव्हतं. गंभीर मानसिक आजार असलेली माणसं इतरांपेक्षा १० ते २० वर्षं आधी जातात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यात आत्महत्येचा वाटा आहेच, पण मोठा वाटा हृदयविकारासारख्या शारीरिक आजारांचा आहे. मनाचा आजार सांभाळता सांभाळता शरीर कुणाच्याच यादीत राहत नाही.

टेप

म्हणून सुरुवात टेपपासून केली. शिंप्याची जुनी टेप ताणली जाते, आकडा खोटा येतो, म्हणून नवीन, न ताणली जाणारी टेप आणली. आधी नर्सेसनी दार लावून एकमेकींचा घेर मोजला. शेवटची बरगडी संपते ती जागा आणि कमरेच्या हाडाचा वरचा काठ बोटाने चाचपायचा, दोन्हींच्या मधोमध टेप धरायची, पोट आत न ओढता श्वास सहज सोडला की आकडा वाचायचा. पहिल्या फेरीत एकाच सिस्टरचा घेर दोघींनी मोजला आणि पाच सेंटीमीटरचा फरक आला, कारण एकीने परकराच्या नाडीवरूनच टेप लावली होती. तिथून पुढे नाडी सैल करणं हा पद्धतीचा भाग झाला.

आपल्यासाठी मर्यादा पुरुषांत ९० सेंटीमीटर आणि स्त्रियांत ८०. पाश्चात्त्य पुस्तकांतली १०२ आणि ८८ आपल्याला लागू नाही. का, हे सांगायला मला पुण्याबाहेर जावं लागलं नाही. पुण्याच्याच केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ साली लॅन्सेट या वैद्यकीय साप्ताहिकात आला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, एकच, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. हातपाय बारीक आणि चरबी आत पोटात, ही आपली ठेवण. हे सांगितल्यावर सिस्टरनीच एका रहिवाशाचं नाव घेतलं. काटकुळे म्हणून त्यांना रोज जास्तीची पोळी मिळायची. त्यांचा घेर ९६ निघाला.

तो आकडा ऐकताना काही सिस्टरना स्वतःचा आकडाही आठवत होता. बऱ्याच जणींचा ८० च्या पुढे होता. रात्रपाळ्या, वेळीअवेळी जेवण, घरी जाऊन पुन्हा ओट्यापाशी उभं राहणं. त्यांच्या तपासण्यांची सोय व्हायला हवी, असं मी व्यवस्थापनाला स्पष्ट सांगितलं आणि ती झाली. स्वतःच्या साखरेचा रिपोर्ट हातात आला की शिकवण्यातलं अर्धं काम आपोआप होतं.

रहिवाशांचा घेर मोजताना मात्र घाई नको. परवानगी विचारायची, कशासाठी ते सांगायचं, स्त्रियांचं माप सिस्टरनेच घ्यायचं, आणि कुणाला स्पर्शाचा संशय येत असेल तर टेप त्याच्याच हातात द्यायची. एका दादांनी तीन महिने टेप लावू दिली नाही. त्यांच्या पानावर तेवढंच लिहिलं गेलं: "नको म्हणाले." मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ रहिवाशाला शारीरिक आजाराच्या रुग्णाइतकीच चांगली सेवा मिळण्याचा हक्क देतो. तोच कायदा त्याच्या सन्मानाचीही आठवण करून देतो.

भूक कुणाची

"खूप हावरट झालेत हो," "दुसऱ्याच्या ताटातलं उचलतात," असं केंद्रात सर्रास बोललं जायचं. क्लोझापिन (स्किझोफ्रेनियावरचंच दुसरं औषध) आणि ओलान्झापिन मेंदूतल्या हिस्टामीन आणि सेरोटोनिनच्या ज्या ठिकाणांवर बसतात, तिथूनच पोट भरल्याची जाणीव चालते. ती जाणीव बोथट होते. माणूस जेवून उठतो आणि त्याला खरोखरच भूक लागलेली असते. शिवाय ही औषधं वजन न वाढवताही साखरेचं गणित बिघडवू शकतात. क्वेटियापिन आणि रिस्पेरिडोनचा त्रास मधला, अरिपिप्राझोल आणि हॅलोपेरिडॉलचा त्यामानाने कमी. जोडीला व्हॅल्प्रोएट हे बायपोलर आजारावरचं औषध असेल तर वजनात आणखी भर. या गोष्टीवर मी वेळ घालवला, कारण भूक औषधाची आहे हे पटलं की बोलण्यातला सूर बदलतो. "किती खाता!" याऐवजी "पोट भरलंच नाही का? काकडी देऊ?" असं तोंडातून निघतं. हा बदल मी त्या पंगतीत ऐकला.

उलट टोकही सांभाळावं लागलं. एका ब्रदरनी विचारलं, "मग असली औषधं द्यायचीच कशाला?" फिनलंडमध्ये हजारो रुग्णांवर नजर ठेवून २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मृत्यूचं प्रमाण क्लोझापिन घेणाऱ्यांत सगळ्यांत कमी होतं, आणि कोणतंच औषध न घेणाऱ्यांत जास्त. औषध माणसाला जगवतं, म्हणूनच त्याने होणारं नुकसान रोखणं हे आपलं काम आहे. गोळी परस्पर कमी करणं हा नर्सचा अधिकार नाही. लक्षात आलेलं वेळेवर पोचवणं ही मात्र तिचीच जबाबदारी आहे.

इथेच विडीचा विषय निघाला. धुरामुळे यकृत क्लोझापिन आणि ओलान्झापिन लवकर संपवतं. विडी अचानक सुटली की तोच डोस रक्तात जास्त साठतो आणि माणूस सुस्तावतो. विडी सोडणारा रहिवासी ही आनंदाची बातमी आहे, पण ती त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायची बातमी आहे.

साडेसहाचा चहा

सगळ्यांत जास्त वेळ गेला तो इथे, आणि जायलाच हवा होता.

काकांच्या फाइलमध्ये आजारी पडण्याआधीचा एक रिपोर्ट होता. उपाशीपोटी साखर ११८. त्यावर पेन्सिलने लिहिलेलं: "चहा झाला होता." म्हणजे कुणाला तरी ते माहीत होतं. केंद्रात सकाळी साडेसहाला चहा आणि दोन बिस्किटं. लॅबचा माणूस येतो साडेआठला. साडेसहाचा चहा चुकला तर निम्मा हॉल अस्वस्थ होतो, कारण रात्रीचं जेवण साडेसातला झालेलं असतं. त्यामुळे चहा द्यायचा, मग रक्त, आणि कागदावर "फास्टिंग". आकडा जास्त आला तर डॉक्टर म्हणणार, चहा घेतला असेल, पुढच्या वेळी बघू. पुढच्या वेळीही चहा झालेला असतोच. अशा रिपोर्टमुळे खरी वाढलेली साखरही चहाच्या नावावर खपून जाते.

यावर उपाय सिस्टरनीच काढला. आता लॅबवाले सातला येतात. त्यांच्याशी त्या स्वतः बोलल्या. रक्त द्यायचं असलेल्यांची नावं आदल्या संध्याकाळी रात्रपाळीच्या सिस्टर स्वयंपाकघराच्या दारावर लावतात. एका सकाळी सात-आठ जणांपेक्षा जास्त नाहीत. इन्सुलिन घेणाऱ्याचं रक्त सगळ्यांत आधी, म्हणजे त्याचं इन्सुलिन आणि नाश्ता लांबत नाही. रक्त दिलं की लगेच चहा, आणि तो मावशी स्वतः आणून देतात. इतकं करूनही जे उपाशी राहू शकत नाहीत त्यांची एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी तपासणी करायची, तिला उपास लागत नाही. फक्त रक्तक्षय असेल तर तो आकडा फसवू शकतो, म्हणून हिमोग्लोबिनही सोबत बघायचं.

वजनाचा काटा व्हरांड्यातल्या शहाबादी फरशीवर होता. फरशी उंचसखल, त्यामुळे काटा सरकवला की किलोभराचा फरक. तो ऑफिसातल्या सपाट टाइल्सवर आला, आणि दर सोमवारी २५ किलोचं न फोडलेलं तांदळाचं पोतं ठेवून तपासला जातो. वजन नाश्त्याआधी, लघवीला जाऊन आल्यावर, चपला काढून.

पातेलं

दिवसाला चार चहा. साखर पातेल्यातच पडते, कपाला साधारण दोन चमचे. म्हणजे चहातूनच दिवसाला आठ चमचे, तीस-चाळीस ग्रॅम. वरून घातलेली साखर दिवसाला साधारण सहा चमच्यांच्या आत राहिली तर अधिक चांगलं, असं जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं. मधुमेह्यांसाठी वेगळा बिनसाखरेचा चहा करायचं सुचलं होतं. मी त्याला विरोध केला. वेगळा कप म्हणजे शिक्षा वाटते, आणि कप बदलायला एक मिनिट पुरतं. त्याऐवजी सगळ्यांच्याच पातेल्यातली साखर दर पंधरवड्याला थोडी थोडी उतरवली आणि आलं वाढवलं. चारपैकी एकही चहा बंद केला नाही. घर, नातेवाईक, स्वतःची खोली, सगळं सुटलेल्या माणसाकडे स्वतःचा म्हणावा असा जो वेळ उरतो तो चहाचा असतो. आकड्यांसाठी तो काढून घेणं मला मान्य नाही.

बिस्किटांच्या जागी फुटाणे आले. एकादशीला सगळ्यांना साबुदाण्याची खिचडी व्हायची, ती आता उपास धरणाऱ्यांपुरती होते. बटाटा आणि भात एकाच जेवणात असेल तर जोडीला पालेभाजी किंवा कोशिंबीर ठेवायची, हे स्वयंपाकाच्या मावशींनी कुणी न सांगता सुरू केलं.

एक गोष्ट आधी कुणाच्या ध्यानात आली नव्हती. वेळेवर आंघोळ केली, कामात भाग घेतला की बक्षीस म्हणून क्रीमचं बिस्किट किंवा गोड गोळी मिळायची. बक्षिसं नर्सच वाटायच्या. आता बक्षीस म्हणजे दुकानापर्यंत सिस्टरबरोबर फेरी, घरी एक जादा फोन, किंवा संध्याकाळी कुठली गाणी लावायची ते ठरवायचा मान.

एक पान

ब्रिटनमध्ये प्राध्यापक हेलन लेस्टर यांच्या नावाने मनोरुग्णांचं शारीरिक आरोग्य तपासायचं एक साधन वापरलं जातं. त्याचं सांगणं एका वाक्यात मावतं: नुसतं तपासू नका, काहीतरी करा. त्या धर्तीवर आम्ही आमचं पान बनवलं. प्रत्येक रहिवाशाचं स्वतंत्र पान, आडव्या रेघेवर महिने, उभ्या रेघेवर वजन, सुरुवातीच्या वजनावर ५ टक्क्यांची लाल रेघ आधीच आखलेली. नवं औषध सुरू झालं की चौथ्या, आठव्या आणि बाराव्या आठवड्याला वजन, बाराव्या आठवड्याला बीपी, साखर आणि लिपिड (रक्तातली चरबी), पुढे वर्षाला. वजन केंद्राने सगळ्यांचं दर महिन्याला ठेवायचं ठरवलं.

पानाच्या मागच्या बाजूला कुणाला कधी कळवायचं ते आहे. लाल रेघ ओलांडली तर त्याच आठवड्यात मानसोपचारतज्ज्ञांना. उपाशीपोटी साखर १०० च्या वर गेली तर फिजिशियनच्या पुढच्या भेटीत, १२६ किंवा जास्त असेल तर त्याच दिवशी फोन. तहान, वारंवार लघवी, रात्रीचं उठणं यांपैकी काही नवीन दिसलं तर कसलंही नाव देण्याआधी बोटाची साखर. ती २०० किंवा जास्त निघाली तर त्याच दिवशी फोन. आणि साखर वाढलेली असून उलटी, गुंगी किंवा जोराचा श्वास असेल तर वाट न बघता रुग्णालय. पाणी तोडायचं नाही. ग्लुकोमीटर आता नर्सच्या टेबलावर असतं, कुलूप नाही, आणि स्ट्रिपची डबी ज्या दिवशी उघडली ती तारीख डबीवर लिहिलेली असते. दोन्ही डॉक्टरांनी त्या पानाखाली सही केली. त्या सहीशिवाय माझं सगळं शिकवणं वाया गेलं असतं, कारण रात्री दोन वाजता फोन करणाऱ्या नर्सला "यासाठी उठवलंत?" हे ऐकायची भीती असते.

फोनचा सरावही केला. पूर्वी फोन असा व्हायचा: "सर, काका जरा सुस्त वाटतात." आता, आकडे सरावापुरते कल्पून: "सर, मी रात्रपाळीची सिस्टर. काका, ओलान्झापिनचा तिसरा महिना. वजन ६२ वरून ६७. आज तीन वेळा लघवीला उठले, बोटाची साखर २३४, उलटी नाही, शुद्धीवर आहेत. उद्या सकाळी फास्टिंग आणि लघवीत कीटोन बघू का?" शेवटचा प्रश्न म्हणायला सगळ्यांना जड गेलं. नर्सने सुचवायचं असतं हेच त्यांना नवीन होतं.

बहीण

काका परत आल्यावर त्यांचं औषध हळूहळू बदललं आणि मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी जोडली गेली. बदलाचे आठवडे कठीण गेले, झोप मोडली, संशय थोडा वर आला. इन्सुलिन काही महिन्यांनी थांबलं. गोळ्या चालू आहेत.

बहीण भेटायला आली ती डिंकाचे लाडू आणि चिवड्याचा डबा घेऊन. "अहो सिस्टर, याची हाडं मोजता यायची. आता कुठे अंग धरलं होतं, तर तुम्ही त्याला उपाशी ठेवताय?" सिस्टरनी वाद घातला नाही. काकांचं पान काढलं, तिच्या शेजारी बसल्या आणि बोट ठेवून चढ दाखवला. "ताई, ही आमची सगळ्यांची खुशी होती, मलाही बरं वाटायचं. आणि इथे, बघा, ते आयसीयूत गेले." ताईंनी बराच वेळ पान हातात धरून ठेवलं. मग ठरलं ते असं: डबा ठेवून जायचा नाही, भेटीत दोघांनी मिळून एकेक लाडू खायचा, आणि बरोबर पेरू आणायचे. लाडू पूर्ण बंद करा, असं सिस्टर म्हणाल्या नाहीत, आणि ते मला फार योग्य वाटलं.

आजची स्थिती

बहुतेकांची वजनं उतरलेली नाहीत. काहींची वाढायची थांबली आहेत. अमेरिकेत मेरिलँडमध्ये अशाच पुनर्वसन केंद्रांवर २९१ जणांचा अभ्यास झाला होता, २०१३ साली तो प्रसिद्ध झाला. प्रशिक्षित माणसं, नियमित व्यायाम, आहाराचं मार्गदर्शन असं सगळं पुरवून दीड वर्षात दोन गटांत सरासरी ३.२ किलोचा फरक पडला. तेव्हा एका केंद्राकडून याहून मोठी अपेक्षा धरणं नर्सेसवर अन्याय होईल. इथे जे बदललं ते दिसण्यासारखं आहे: रिपोर्ट खरे झाले, आणि दोन रहिवाशांचा मधुमेह कुठलंही लक्षण नसताना सापडला. दोन्ही वेळा लाल रेघेपासून सुरुवात झाली होती, आणि दोन्ही फोन रात्रपाळीच्या सिस्टरनी केले.

अडचण नोकरी सोडून जाणाऱ्यांची आहे. शिकलेल्यांपैकी काही जणी चांगल्या पगारावर शहरात गेल्या, आणि त्यांना दोष देता येत नाही. म्हणून आता नव्या सिस्टरच्या पहिल्या आठवड्यातच टेप, काटा, पान आणि फोनचा सराव आहे, आणि तो जुन्या सिस्टरच घेतात. मावशी आणि मामांचं प्रशिक्षण स्वयंपाकघरात होतं, कारण ताट शेवटी तेच वाढतात.

बायकांच्या फिरण्याचा प्रश्न सुटलेला नाही. पुरुष रहिवासी संध्याकाळी मामांबरोबर बाहेरच्या रस्त्याने अर्धा तास चालून येतात. बायकांचं फाटक पाचलाच बंद होतं, बरोबर जायला संध्याकाळी मावशी मोकळी नसते. घेर मोजल्यावर मर्यादेबाहेर सापडलेल्यांत बायकाच जास्त आहेत. सिस्टरनी संध्याकाळसाठी एका जादा मावशीची मागणी लिहून दिली आहे आणि पत्राला बायकांची सगळी पानं जोडली आहेत, नावं झाकून. तिन्ही पाळ्यांच्या सह्या आहेत. विश्वस्तांची बैठक पुढच्या महिन्यात आहे.